सायकलच्या सीटची उंची घरच्या घरी कशी लावायची

नवी सायकल घेताना दुकानात पहिला प्रश्न असतो, "बसून बघा, पाय टेकतात का?" आपण बसतो, दोन्ही तळवे जमिनीला नीट लागेपर्यंत सीट खाली केली जाते, नट आवळला जातो आणि सायकल घरी येते. बहुतेकांची सीट पुढे कायम तिथेच राहते. महिन्याभरात गुडघ्याची वाटी ठणकायला लागते, साध्या उड्डाणपुलाच्या चढावर मांड्या भरून येतात, आणि "आपल्याला नाही बुवा झेपत" म्हणत सायकल जिन्याखाली जाते. वयाला, वजनाला किंवा सायकलच्या किमतीला दोष देण्याआधी सीट बघा. नवख्या मंडळींच्या सायकली मी बघतो तेव्हा बऱ्याच जणांची सीट चार-पाच बोटं खालीच असते.

यामागचा हिशेब सोपा आहे. पॅडल ज्या दांड्याच्या टोकाला असतं तो क्रँक, आणि क्रँक जिथे फ्रेममध्ये बसतो त्या भागाला मेकॅनिक बीबी (बॉटम ब्रॅकेट) म्हणतात. साध्या हायब्रिड, म्हणजे शहरात रोज वापरायच्या सायकलचा बीबी जमिनीपासून साधारण 27 ते 29 सेंटिमीटरवर असतो आणि क्रँकची लांबी बहुधा 17 सेंटिमीटर असते. म्हणजे पॅडल अगदी खाली गेलं तरी जमिनीपासून 10-12 सेंटिमीटर वरच राहतं. पॅडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा असेल, तर जमीन त्याच्याही खाली अर्धी वीत अंतरावर राहणार. सीटवर बसल्या बसल्या पूर्ण तळवा जमिनीला टेकत असेल, तर पॅडल मारताना तुमचा गुडघा एकदाही नीट सरळ होत नाही, हे नक्की समजा. एमटीबीचा, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठीच्या सायकलचा, बीबी आणखी उंच असतो, तिथे हा फरक अजून वाढतो.

गुडघा वाकलेला राहिला तर बिघडतं काय? मिनिटाला 80 फेऱ्या मारल्या तर तासाला एकेक पाय 4800 वेळा वाकतो आणि सरळ होतो. गुडघा जास्त वाकलेला असताना जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. तोच दाब इतक्या वेळा पडला की गुडघ्याच्या समोरच्या बाजूला, वाटीच्या मागे दुखायला लागतं. शिवाय मांडीच्या स्नायूंना पूर्ण पल्ला मिळत नाही, त्यामुळे तेवढाच रस्ता कापायला दम जास्त लागतो.

आधी थांबायला शिका

उंची मोजण्याआधी हे का, असं वाटेल. पण सीट वर करून दिली आणि थांबायची पद्धत जुनीच राहिली, तर दुसऱ्या दिवशी माणूस सीट परत खाली करतो. मी हे कितीतरी लोकांचं पाहिलं आहे. बसल्या जागेवरून पाय टेकायची सवय असलेल्याला उंच सीटची भीती वाटणारच, आणि ती भीती अगदी रास्त आहे.

मोकळ्या मैदानात किंवा सोसायटीच्या आवारात पंधरा-वीस मिनिटं सराव करा. सिग्नल जवळ आला असं समजा. ब्रेक हळूहळू दाबायला लागा. उजवं पॅडल खाली येऊ द्या आणि त्याच्यावर उभे राहा, म्हणजे बूड सीटवरून उचललं जाईल. आता शरीर थोडं पुढे सरकवा, सीटचं टोक पाठीमागे जाईल आणि तुम्ही फ्रेमच्या दांडीच्या वर याल. सायकल अगदी थांबत आली की हँडल जरा डावीकडे झुकवा आणि डावा पाय जमिनीवर ठेवा. पूर्ण तळवा टेकेल, कारण तुम्ही सीटवर नाहीच. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे डावा पाय टेकवणं बरं; कडेचा फुटपाथही त्याच बाजूला असतो.

निघताना हेच उलट. सीटवर बसून निघायचं नाही. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय, उजवं पॅडल पुढे आणि वर, घड्याळातल्या दोनच्या काट्यावर. त्याच्यावर वजन टाका, सायकल पुढे जाईल आणि त्याच झटक्यात तुम्ही वर उचलले जाल. मग सीटवर बसा. हे जमलं की सीट कितीही वर गेली तरी धाकधूक राहत नाही.

इनसीम मोजणं

जांघेपासून तळपायापर्यंतच्या उंचीला इनसीम म्हणतात. पँटच्या शिवणीचं माप इथे चालत नाही, ते नेहमी कमी येतं. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. दोन पावलांत वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याची वही किंवा रजिस्टर दोन्ही पायांमध्ये धरून तिची कड भिंतीला चिकटवा आणि वर दाबा. सीटवर बसल्यावर जेवढा दाब लागतो तेवढा लागला पाहिजे; लाजून हलकं दाबलं तर दीड-दोन सेंटिमीटरचा घोळ होतो. वहीची वरची कड भिंतीला जिथे लागते तिथे पेन्सिलने खूण करा आणि टेपने जमिनीपर्यंत मोजा. दोन-तीनदा मोजून बघा. घरात कोणी मदतीला असेल तर खूण त्यांना करू द्या, कारण स्वतः वाकलात की माप हललं.

आता गणित. सगळ्यात प्रसिद्ध आकडा 0.883. तीनदा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या अमेरिकन ग्रेग लेमाँडमुळे तो जगभर गेला. इनसीमला 0.883 ने गुणलं की बीबीच्या मध्यापासून सीटच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मिळतं. इनसीम 78 सेंटिमीटर असेल तर उत्तर 68.9.

दुसरा आकडा त्याच्याआधीचा. 1967 साली ब्रिटनमधल्या हॅम्ली आणि थॉमस या अभ्यासकांनी इनसीमच्या 109 टक्के हे प्रमाण मांडलं. हे अंतर बीबीपासून मोजायचं नाही, ते खाली गेलेल्या पॅडलच्या आसापासून सीटपर्यंत मोजायचं. 78 चे 109 टक्के म्हणजे 85 सेंटिमीटर. त्यातून 17 चा क्रँक वजा केला की बीबीपासून 68. म्हणजे एकाच माणसासाठी दोन सूत्रांत जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक.

या फरकाने गोंधळू नका. कुठलंही सूत्र तुमचं पाऊल किती लांब आहे, बुटाचा तळ किती जाड आहे, तुम्ही टाच खाली दाबून पॅडल मारता की चवड्यावर, मांडीमागचे स्नायू किती आखडलेले आहेत, यातलं काहीच विचारत नाही. सूत्राने आपण योग्य जागेच्या आसपास पोचतो, एवढंच त्याचं काम. नवख्यांनी दोनपैकी कमी येणारा आकडा धरून सुरुवात करावी असं माझं मत आहे. खालून वर जात योग्य जागा शोधणं सोपं पडतं. फार उंचावरून सुरुवात केली तर कंबर डुगडुगते आणि मांडीच्या आतल्या बाजूला घासून जखमा होतात.

सीट हलवणं

सीट ज्या दांड्यावर बसते आणि जो फ्रेमच्या नळीत शिरतो तो सीटपोस्ट; आधी तो पकडून ठेवणारा क्लॅम्प बघा. हाताने उघडायची मूठ असेल तर तो क्विक रिलीज. षटकोनी खाच असेल तर बहुधा 4, 5 किंवा 6 मिलिमीटरची अ‍ॅलन की लागेल. जुन्या काळ्या दांडीच्या सायकलींना नट-बोल्ट असतो, त्याला साधा पाना. सैल करून सीट डावी-उजवीकडे फिरवत फिरवत वर ओढा. सरळ खेचत बसलात तर अडकते.

मोजायचं कसं, तर क्रँकच्या मधल्या बोल्टच्या केंद्रावर टेपचं एक टोक धरा आणि सीटच्या नळीच्या रेषेत वर सीटच्या मधल्या भागापर्यंत या. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेनुसार ते बदलतं.

सीटपोस्टवर एक आडवी रेघ किंवा कमीत कमी किती आत असावं हे सांगणारा मजकूर कोरलेला असतो. ती खूण फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे. बाहेर दिसत असेल तर त्या उंचीवर सायकल अजिबात चालवू नका; पोस्ट वाकते, कधी फ्रेमची नळीच चिरते, आणि हे घडतं ते नेमकं खड्ड्यात आदळल्यावर. उंची पुरत नसेल तर त्याच व्यासाची लांब सीटपोस्ट घ्या. व्यास पोस्टवरच कोरलेला असतो: 25.4, 27.2, 30.9, 31.6 असा काहीतरी. 27.2 च्या जागी 27 ची घालून फटीत पत्र्याची पट्टी सारायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. ती सीट दर दोन दिवसांनी खाली सरकते. उलट, सीट अगदी तळाशी नेऊनही उंचच वाटत असेल तर फ्रेम तुमच्या मापाची नाही. 24 इंची दांडीच्या सायकलवर कमी उंचीच्या माणसाची हीच अडचण होते, आणि तिच्यावर पान्याने उपाय नाही.

सीटचं टोक पुढच्या दांडीच्या बरोबर रेषेत आणा आणि क्लॅम्प आवळा. क्विक रिलीज असेल तर मूठ अर्ध्यावर आल्यावर प्रतिकार जाणवायला हवा आणि पूर्ण बंद करताना तळहातावर तिचा वळ उठला पाहिजे. मग दोन्ही हातांनी सीट पिळून बघा. हलली तर अजून आवळा. सीटपोस्ट कार्बनची असेल तर मात्र जोर लावायचा नाही. त्यावर लिहिलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याच्या जोराचा आकडा, पाहून तो जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचनेच आवळा, नाहीतर ते काम दुकानात करून घ्या.

टाचेची कसोटी

आकडा लावून झाला की त्याची खात्री टाचेने करायची. कुठलंही साधन नसेल तर नुसत्या या पद्धतीनेही काम भागतं.

दाराच्या चौकटीत सायकल उभी करा म्हणजे खांद्याने किंवा हाताने आधार घेता येईल. रोज जी चप्पल किंवा बूट घालून चालवता तेच घाला. सीटवर नेहमीसारखे मागे सरकून बसा आणि पॅडल उलटं फिरवत एक पाय खाली आणा. क्रँक सीटच्या नळीच्या सरळ रेषेत आला की पॅडल सीटपासून सगळ्यात लांब असतं. हा बिंदू अगदी तळाच्या किंचित पुढे येतो. आता चवड्याऐवजी टाच पॅडलवर ठेवा. पाय पूर्ण सरळ व्हायला हवा, गुडघा ताठ, पण कंबर त्या बाजूला झुकता कामा नये. टाच पोचायला बूड सरकवावं लागलं तर सीट उंच आहे. टाच टेकवूनही गुडघ्यात बाक उरला तर सीट खाली आहे.

टाच बरोबर बसली की पाऊल मागे घेऊन चवडा पॅडलवर ठेवा, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा आहे तो पॅडलच्या आसावर येईल. गुडघ्यात आपोआप थोडा बाक येईल. हा बाक 25 ते 35 अंशांमध्ये असावा असं फिजिओथेरपिस्ट आणि बाइक फिटिंग करणारे सांगतात. कोणाला बाजूने फोटो काढायला सांगा: खुब्याचं हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोट्याचं हाड या तिन्हींवर रंगीत टिकली चिकटवली की फोटोत कोन सहज मोजता येतो. दोन्ही पायांची कसोटी घ्या. फरक दिसला तर सीट आखूड पायाच्या हिशेबाने लावा.

सीटखाली जाड स्प्रिंग असतील तर एक लक्षात ठेवा, बसल्यावर त्या दबतात. तुम्ही बसलेले असतानाची उंचीच खरी.

रस्त्यावर नेऊन पाहणं

घरातलं माप हा अंदाज आहे, निकाल रस्ता देतो. सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण तास हलक्या गिअरमध्ये चालवा. मागून येणाऱ्या सोबत्याला तुमच्या सीटच्या पातळीवरून मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. कंबर आळीपाळीने डावी-उजवी खाली जात असेल तर सीट उंच आहे. पाय पोचावा म्हणून शरीर स्वतःला वाकवतं आहे. पॅडल तळाशी जाताना बोटं खाली ताणली जात असतील तरी तेच. गुडघे बाहेर फाकत असतील आणि पॅडल वर येताना मांडी पोटाला भिडत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते.

दुखणं कुठे आहे यावरून बरंच कळतं. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीभोवती दुखत असेल तर सीट वर घ्या. गुडघ्याच्या मागच्या खळगीत किंवा मांडीच्या मागच्या शिरेत ओढ लागत असेल तर खाली घ्या. टाचेच्या वरची जाड शीर दुखत असेल आणि तुम्ही पंजे ताणून पॅडल मारत असाल, तरीही खालीच. गुडघ्याच्या डाव्या-उजव्या कडेला दुखत असेल तर दोष उंचीचा असेलच असं नाही. पावलं पॅडलवर आत-बाहेर वळलेली आहेत का ते आधी बघा. सूज आली, रात्री दुखून जाग आली किंवा सायकल बंद ठेवूनही आठवडाभर फरक पडला नाही, तर पाना बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

बदल करताना एका वेळी 3 ते 5 मिलिमीटरच करा आणि दोन-तीन राइड तसंच चालवा. पण सीट आत्ता चांगली पाच-सात सेंटिमीटर खाली असेल तर 3 मिलिमीटरच्या हप्त्याने वर्ष जाईल. तेव्हा एकेक सेंटिमीटरने, आठवड्याला एक-दोन टप्पे करत वर या. शरीर जुन्या उंचीला सरावलेलं असतं. योग्य उंचीही पहिल्या दिवशी परकी वाटते, मांडीमागे थोडा ताण जाणवतो. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या, आदल्या रात्री सीटला हात लावायचा नाही, हे त्याचसाठी. साडेतेरा तासांच्या मुदतीत नव्या उंचीची सवय होत नाही, फक्त दुखणं वाढतं.

आणि एकदा जमलं की सोडून द्या. 1969 मध्ये फ्रान्समधल्या ब्लुआच्या ट्रॅकवर झालेल्या अपघातात एडी मर्क्सच्या कंबरेला मार बसला, आणि पुढे आयुष्यभर हा महान सायकलपटू सीटची उंची बदलत राहिला, चालू शर्यतीतसुद्धा. त्याला दुखापतीचं कारण होतं. आपल्यापैकी बहुतेकांना तसं कारण नसतं.

पुढे-मागे आणि कल

सीट रुळांवर पुढे-मागेही सरकते, आणि त्याने उंचीही बदलते हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. सीटची नळी साधारण 73 अंशांत मागे कललेली असते. त्यामुळे सीट 10 मिलिमीटर मागे नेली की पॅडलपासूनचं अंतर जवळपास 3 मिलिमीटरने वाढतं. म्हणून सीट मागे घेतली तर तेवढी खाली करा, पुढे घेतली तर वर. सुरुवातीला सीट रुळांच्या मध्यावर ठेवा, पुरेसं आहे.

सीटचा पृष्ठभाग आडवा समतल हवा. मोबाइलमधलं लेव्हल मापायचं अ‍ॅप एका पुठ्ठ्यावर ठेवून बघा. टोक वर असेल तर नाजूक जागी दाब पडून बधिरपणा येतो. टोक फार खाली असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि सगळं वजन मनगटांवर येतं. सीट बरीच वर घेतल्यावर हँडल तुलनेने खाली वाटेल आणि पाठ जास्त वाकेल. तसं झालं तर हँडलही थोडं वर करून घ्या.

खाली ठेवलेली चालते ते प्रसंग

नुकतंच शिकणाऱ्याची सीट खालीच हवी, मग ते मूल असो की पन्नाशीतली काकू. तोल सांभाळायला शिकताना दोन्ही तळवे टेकणं हाच आधार असतो. तोल आला, मघाशी सांगितलेलं थांबणं-निघणं जमलं, की वर न्यायला सुरुवात करा. मुलांची उंची झपाट्याने वाढते, त्यांची सीट दर दोन-तीन महिन्यांनी तपासा. दुधाचे कॅन किंवा पावाची पेटी लादून फेरी मारणारे सीट खाली ठेवतात ते समजूनच. मागे तीस-चाळीस किलो असताना पाय टेकणं जास्त महत्त्वाचं. गर्दीच्या पेठांमधून रोज कामावर जाणाऱ्याने योग्य उंचीपेक्षा एखादा सेंटिमीटर कमी ठेवला तर बिघडत नाही. एमटीबीवर उतरणीच्या कच्च्या वाटेवर सीट मुद्दाम खाली घेतात, म्हणजे शरीर मागे नेता येतं.

पावसाळा आणि खुणा

सीटपोस्टच्या फटीतून पाणी आत जातं. कोकणात आणि किनाऱ्याजवळ तर दोन पावसाळ्यांत पोस्ट फ्रेममध्ये अशी गंजून बसते की उंची बदलणंच अशक्य होतं. गणपती-दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरला की पोस्ट पूर्ण बाहेर काढा, सायकल उलटी करून आतलं पाणी निथळू द्या, पोस्ट आणि नळीचं तोंड फडक्याने पुसा, ग्रीसचा पातळ थर द्या आणि परत बसवा. कार्बनच्या पोस्टला ग्रीस लावायचं नाही; तिच्यासाठी वेगळी पेस्ट मिळते.

काढण्याआधी खूण हवी. पोस्ट फ्रेममध्ये शिरते त्याच्या लगेच वर इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. सीट हळूहळू सरकत असेल तर टेप फ्रेमखाली जाताना दिसते, आणि बस किंवा रेल्वेने सायकल न्यायला सीट काढली तरी पुन्हा त्याच जागी बसते. बीबीपासूनचं माप मोबाइलमध्येही लिहून ठेवा. बूट, पॅडल, सीट किंवा क्रँक बदललात तर ते माप पुन्हा तपासा. क्रँक 170 ऐवजी 175 मिलिमीटरचा बसवला तर सीट 5 मिलिमीटर खाली यायला हवी. एकच सायकल घरातले दोघं वापरत असतील तर पोस्टवर दोन रंगांच्या नेलपॉलिशने दोन बारीक रेघा मारा. क्विक रिलीज उघडून आपल्या रेघेपर्यंत सीट आणायला अर्धा मिनिटही लागत नाही.